शहाजाद्याची हद्दपारी

केरबा मोटेवरचा माणूस. उभ्या जन्मात त्याने बैलावरसुद्धा आवाज चढवला नव्हता. वर्षातून एकदाच, चैत्रातल्या जत्रेत, तो बादशहा व्हायचा.

देवळापुढे भर दुपारी सोंगं निघत. बापावर उठलेल्या शहाजाद्याचं सोंग केरबाच्या घराकडे चार पिढ्या होतं. शेवटी बादशहा शहाजाद्याला माफी देई आणि दोघे गावादेखत आडावर तोंडाचा रंग धुऊन देवाच्या पाया पडत. यात खंड पडला, तर मान भाऊकीत जाई.

त्रेचाळीसच्या चैत्रात केरबाचा लेक ज्ञानू भूमिगत होता. सरकारी चावडी जाळल्याचा आळ त्याच्यावर होता. या खेपेला शहाजादा पुतण्या होईल, असं केरबाने गावाला सांगितलं आणि ज्ञानूला येऊ नकोस म्हणून निरोप धाडला. फौजदार मात्र आला आणि पुढच्याच घोंगड्यावर पान लावत बसला.

डफ वाजला. हाताला दोर गुंडाळलेला शहाजादा गर्दीतून आला. तोंडाला पिवडीचा पिवळा रंग, हनुवटीला अंबाडीच्या वाखाची दाढी. पण उजवा खांदा पाडून चालायची ती तऱ्हा बापाने ओळखली.

ज्ञानू गुडघे टेकून बोलत होता. केरबाला दिसत होता तो फक्त आडावर भरून ठेवलेला हंडा. रंग उतरला की संपलं.

"गुन्हा कबूल हाय, अब्बाजान. माफी असावी."

केरबाने हंड्यावरची नजर वळवली. देवळामागे ओढा होता, ओढ्यापलीकडे संस्थानाची हद्द. इंग्रजी अंमलातल्या फौजदाराला तिथे परवानगीवाचून जाता येत नसे.

"माफी न्हाई," तो म्हणाला. "आमच्या मुलखातनं चालता हो. आत्ताच्या आत्ता, वढ्याच्या पल्याड."

गर्दीत कुजबुज उठली. ज्ञानू खालमानेने पुटपुटला, "आबा, मान जाईल आपला."

"जाऊ दे रं."

तरी तो हलेना, तेव्हा केरबाने त्याच्या छातीत लाथ घातली. ती सोंगातली नव्हती. ज्ञानू उठला आणि देवळामागे दिसेनासा झाला.

फौजदार हसला. "बादशहा कडक निघाला. पुतण्या रंग धुवायला येतोय ना?"

"हद्दपार केल्याला कसा येईल, सायेब?"

फौजदाराचं हसू ओसरलं. त्याने दोन शिपाई ओढ्याकडे पिटाळले. पंचांनी येऊन सांगितलं, देवाचं सोंग मोडलं, पुढच्या सालापासून मान भाऊकीचा. केरबा बरं म्हणाला. त्याचे कान ओढ्याकडे लागले होते. रंग तसाच ठेवून तो आडाच्या काठावर बसून राहिला.

शिपाई हात हलवत परतले. दिवस कलताना ओढ्यापलीकडचा एक मेंढका आला, अंबाडीची दाढी केरबाच्या ओंजळीत टाकून निघून गेला.

तेव्हा कुठे केरबाने तोंडाला पाणी लावलं.