कोऱ्या फॉर्मवरची सही

"खोटं लिहून द्यायचं आणि मग क्लेम मागायचा. तुम्हा लोकांचं हे नेहमीचंच आहे."

ठाण्यात, माजिवड्याच्या पुढच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, विम्याच्या खिडकीवरची बाई हे बोलली. माझ्याकडे न बघता. कॉम्प्युटरकडे बघत. माझ्या मागे रांगेत सात-आठ माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. एकाने मान वाकडी करून माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्या नखांत सोनेरी रंग कायमचा बसलेला आहे, तो घासून जात नाही. आठ दिवस ऑक्सिजनवर काढून त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी खाली आले होते. भिंतीला हात लावून उभी होते.

मी विचारलं, "काय खोटं लिहिलंय मी?"

तिने पडदा माझ्याकडे वळवला. इंग्रजीत होतं. मग तिनेच मोठ्याने वाचून दाखवलं. "व्यवसाय, गृहिणी. श्वसनाचा त्रास, नाही. आणि डॉक्टरांच्या केसपेपरवर काय आहे? तेवीस वर्षं स्प्रे पेंटिंग. चार वर्षांपासून खोकला. हे तुम्हीच सांगितलंय ना डॉक्टरांना?"

सांगितलं होतं. डॉक्टरने विचारलं, काम काय करता? मी दम लागलेला असतानाही सगळं सांगितलं. कल्याणजवळ शहाडला माझा गणपतीचा कारखाना आहे, पत्र्याची शेड आहे, मूर्ती मीच घडवते, मीच रंगवते, डोळ्यांची आखणी माझ्याशिवाय कुणी करत नाही. तोंडाला ओढणी बांधून स्प्रे मारते. खोकला जुना आहे. डॉक्टरशी खोटं बोलू नये एवढी अक्कल मला आहे. त्या अकलेपायी विमा गेला.

पण मी गृहिणी? माझं लग्नच झालेलं नाही. कुणाच्या घरची गृहिणी?

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "बाई, बाजूला होता का? आमचं काम होऊ दे." मी बाजूला झाले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि मी चोरी केली नव्हती.

बिल कसं भरलं ते सांगत बसत नाही. विमा कसा घेतला ते सांगते.

माझे बाबा मूर्तिकार. शेवटची दोन वर्षं त्यांची छाती भात्यासारखी वाजायची. डॉक्टर म्हणाले, दाखल करा. बाबा म्हणाले, सीझन झाल्यावर बघू. सीझन झाला, तेव्हा बाबा नव्हते. तेव्हापासून शेड मी चालवते. खोकला मलाही लागला, तेव्हा ठरवलं की मी 'झाल्यावर बघू' म्हणणार नाही. विमा घ्यायचा.

कुणाकडून घ्यायचा? नोकरीवाल्यांना कंपनी देते. मला कोण देणार? बँकेत गेले, तर तिथली मुलगी म्हणाली, पगाराची स्लिप आणा. मोबाइलवर बघितलं. व्यवसाय निवडा, म्हणे. खाली यादी. नोकरी, व्यापार, शेती, विद्यार्थी, गृहिणी, इतर. अख्ख्या कल्याण-डोंबिवलीत भाद्रपदात घरोघरी जो देव बसतो, तो घडवणारी माणसं 'इतर'. तेव्हा मला हसू आलं होतं.

मग सरांची आठवण झाली. डोंबिवली पूर्वेला राहतात. रिटायर होऊन विम्याचं काम करतात. त्यांचा घरचा गणपती बाबांच्या वेळेपासून आमच्याकडून जातो. दरवर्षी मूर्ती नेताना म्हणायचे, "अहो, तुमच्या हातात साक्षात देव आहे." मला ते खरं वाटायचं. बरंही वाटायचं, खोटं कशाला सांगू?

मी त्यांच्या घरी गेले. दोन वर्षं झाली त्याला, आषाढ लागला होता. जाताना धुतलेली, इस्त्रीची साडी नेसले होते. मी कोचाकडे निघाले, तर सर म्हणाले, "बसा, बसा. तिथे स्टुलावर बसा. तुमचं रंगाचं काम ना, कोच नवा आहे."

स्टूल चपलांच्या मांडणीला लागून होतं. मी बसले. माझ्या साडीला रंगाचा एक ठिपका नव्हता. ते त्यांना दिसत होतं आणि मलाही माहीत होतं. तरी बसले. वर हसले. आजही त्या हसण्याचा मला जास्त राग येतो, स्टुलाचा कमी.

सर म्हणाले, "व्यवसायाच्या रकान्यात ते रंगकाम वगैरे नको घालायला. कंपनी उगाच शंका काढते. मी बघतो काय लिहायचं ते."

मी म्हटलं, "सर, मला खोकला आहे. तो लिहा."

"खोकला कुणाला नसतो? तुम्ही सह्या करा. बाकीचं मी भरतो. आणि कंपनीचा फोन येईल, तर सगळ्याला हो म्हणा."

फॉर्म कोरा होता. मी चार ठिकाणी सह्या केल्या.

आता तुम्ही म्हणाल, शिकलेली बाई, कारखाना चालवते, कोऱ्या कागदावर सही करते? त्याचं कारण आमच्या धंद्यात आहे. आमच्याकडे गणपतीची ऑर्डर कागदावर होत नाही. गिऱ्हाईक घरचा लाकडी पाट आणून देतं, वर नारळ आणि विडा. मी पाटाच्या खाली खडूने नाव घालते आणि फळीवर ठेवते. पावती नाही, सही नाही. पण एकदा पाट ठेवून घेतला की मूर्ती द्यायचीच. ताप असो, घरात मयत असो, पाट रिकामा परत जात नाही. बाबा गेले त्या वर्षी घरात सुतक असताना शेजारच्या कारखान्यातून मूर्ती करवून घेऊन मी शहाण्णव पाट पोचवले. मला वाटलं, सरांनी माझा कागद ठेवून घेतला म्हणजे तसंच. ज्याने ठेवून घेतलं, तो निभावणार. सरांचा स्वतःचा पाट तेव्हा माझ्या फळीवर होता.

पॉलिसीचं पाकीट श्रावणात आलं. श्रावणात मला जेवायला वेळ नसतो. न फोडता फळीवर ठेवून दिलं. आत माझ्याच फॉर्मची प्रत होती, आणि पटलं नाही तर महिन्याभरात परत करा असंही छापलेलं होतं. हे मी दोन वर्षांनी वाचलं, हॉस्पिटलातून घरी आल्यावर. अक्षर सरांचं. गिरवल्यासारखं सुंदर. सगळ्या आजारांपुढे 'नाही', 'नाही', 'नाही'. खाली माझी सही.

फोनही आला होता कंपनीचा. तेव्हा मी स्प्रे गनची नळी साफ करत होते. सगळ्याला हो म्हणाले.

सरांना फोन केला तर म्हणाले, "काळजी करू नका, मार्ग काढू." महिना गेला. दुसरा गेला. मग यंदा आषाढात ते स्वतः शेडवर आले. एका हातात पाट, वर नारळ-विडा. दुसऱ्या हातात टाइप केलेला कागद.

शेडमध्ये मी आणि सुलभावहिनी होतो. वहिनी आमच्या शेजारच्या, वीस वर्षं माझ्याकडे मूर्तींचे दागिने रंगवतात. मी आता गन धरत नाही. लांब बसून हाताने आखणी तेवढी करते.

सरांनी पाट टेबलावर ठेवला आणि कागद माझ्यापुढे धरला. म्हणाले, "यावर सही करा. डॉक्टरांशी मी बोलतो, ते केसपेपर दुरुस्त करतील. क्लेम पास होईल."

मी कागद वाचला. मराठीत होता. 'मी गृहिणी असून मूर्तिकाम ही माझी केवळ हौस आहे. आजारपणात भ्रम झाल्यामुळे मी डॉक्टरांना चुकीची माहिती दिली.'

हौस. तेवीस वर्षं. बाबांची छाती, माझी छाती, हौसेने गेली. आणि खरं बोलले तो भ्रम.

खरं सांगते, पेन हातात घेतलं होतं मी. पैशाची नड होती. पुन्हा दाखल व्हायची वेळ येणार हे डॉक्टरने स्वच्छ सांगितलेलं होतं. सही केली असती तर कदाचित मिळालेही असते. पेन कागदावर टेकवलं.

सर म्हणाले, "करा, करा. फार विचार करू नका. तुम्हाला त्यातलं काय कळतंय? मी तुमच्या भल्याचंच बघतोय."

मी पेन खाली ठेवलं.

"सर, फॉर्मवर गृहिणी कोणी लिहिलं?"

"अहो, तुमच्या सोयीसाठीच ना. तुमचा धंदा लिहिला असता तर पॉलिसी मिळाली नसती."

"मग मिळाली काय मला? हप्ते घेतले दोन वर्षं. मिळालं काय?"

"आवाज खाली ठेवा. मी तुमच्या दारात आलोय, ते कशासाठी? माझं नाव यात येऊ नये म्हणून नव्हे."

त्यांनी आपणहून सांगून टाकलं. तोवर माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. कागदात सगळी चूक माझी होती. फॉर्म त्यांनी भरला हे कुठेच नव्हतं. मी सही केली की ते सुटत होते, आणि मी स्वतःच्या तोंडाने वेडी ठरत होते.

मी कागदाची घडी घातली, पाटावर नारळाशेजारी ठेवली आणि पाट उचलून त्यांच्या हातात दिला.

"सर, मी काय सही देणार नाय. आणि तुमचा गणपती यंदा माझ्याकडून होणार नाय."

सर पाट धरून उभे. मग म्हणाले, "देवाच्या कामाला नाही म्हणताय? माज आलाय तुम्हाला."

सुलभावहिनी माझा दंड धरून हळू म्हणाल्या, "अगं, पाट परत करतं का कोन? गनपतीचा पाट हाय तो."

मला माहीत होतं. आमच्या घरात हे कुणी केलं नव्हतं. बाबांनी ऐकलं असतं तर मला मारलं असतं. तरी पाट दिला. देवाचा राग मला नव्हता. मला चपलांपाशी बसवून, माझं नाव पुसून, वर माझ्याच हातचा देव मखरात बसवणाऱ्याचा होता. सर गेल्यावर मी अर्धा तास खोकत होते. वहिनी पाठ चोळत होत्या.

त्यानंतर मी विम्याचं बाड उघडलं. रोज दुपारी चार पानं. आधीचा आजार म्हणजे काय, किती वर्षं थांबायचं, खोलीच्या भाड्याला मर्यादा किती. सगळं समजलं असं नाही. पण न समजेल ते दोनदा वाचलं. नवा फॉर्म दुसऱ्या कंपनीचा आणला आणि स्वतःच्या हाताने भरला. आजाराच्या रकान्यात जागा पुरली नाही, वेगळा कागद जोडला.

कंपनीतून फोन आला. मुलगी नम्र होती.

"मॅडम, व्यवसाय मूर्तिकार लिहिलाय. आमच्या लिस्टमध्ये तो ऑप्शन नाहीये. गृहिणी टाकू का?"

"नाही."

"मॅडम, मग प्रपोजल रिजेक्ट होऊ शकतं."

"होऊ दे. पण लेखी पाठवा. कारण लिहून पाठवा."

पत्र आलं. नाकारलंय. इंग्रजीत तीन ओळी आहेत, आणि मधल्या ओळीत माझा धंदा लिहिलेला आहे. मी ते पत्र दोनदा वाचलं. रडले, हेही सांगते. पुढच्या आजारपणाला माझ्याकडे काहीही नाही.

आमच्या शहाडच्या शेडींत रंगकाम करणाऱ्या बायका, मला धरून अकरा. सातजणींना खोकला आहे. चौघींच्या जुन्या फॉर्मवर गृहिणी लिहिलेलं सापडलं. आता एकेकीचा नवा फॉर्म मी भरते. तिच्यासमोर, मोठ्याने वाचून, ती सांगेल ते. सुलभावहिनी आधी म्हणाल्या, "नको गं, असलेली पॉलिसी पन जाईल." त्यांना मी हॉस्पिटलातल्या खिडकीवरच्या बाईने मला काय ऐकवलं ते सांगितलं. दोन दिवसांनी त्या स्वतः फॉर्म घेऊन आल्या.

नाकारतील. मला माहीत आहे. प्रत्येकीच्या नकाराचं पत्र मी मागून घेणार. अकरा झाली की ती घेऊन, आणि सरांच्या अक्षरातला माझा जुना फॉर्म घेऊन, विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाणार. तिथे सांगणार, आमचं काम मान्य करा आणि मग काय द्यायचं, किती हप्ता घ्यायचा ते बोला. खोट्याच्या आडून आता आम्ही काही मागणार नाही.

तोवर माझी छाती साथ देईल का, सांगता येत नाही. नाही दिली तर उरलेल्या दहाजणी पत्रं घेऊन लोकपालाकडे जातील. तसं आमचं ठरलंय.