आम्ही साचेवाले आणि गॅलरीची भिंत

साचा जुना झाला की त्याच्यावर रंगाचे थर चढतात. खाली लाल, त्यावर पिवळा, त्यावर कुठल्या तरी टँकरचा हिरवा. कोणी मुद्दाम चढवत नाही आणि कोणी खरवडायला बसत नाही. आमच्या मंडळींचे किस्सेही असेच साठत गेलेत. कोणी विचारलं की मी एखादा सांगतो, आणि मग थांबवणं त्याच्या हातात राहत नाही.

साचा म्हणजे स्टेन्सिल. फिल्मवर अक्षर किंवा चित्र कापायचं, ते पत्र्यावर ठेवायचं आणि वरून स्प्रे मारायचा. शिरूरला स्टँडजवळ माझं नंबरप्लेटचं दुकान होतं. सरकारी प्लेटा आल्या आणि माझा ब्रश पडला बाजूला. आता मी रबरी शिक्के करतो, लॅमिनेशन करतो आणि रविवारी दुकानात मैफल भरवतो. मैफलीत यवतचे सलीमचाचा, निमोण्याचे आप्पा आणि राहूची पल्लवी. चहा माझा, अक्कल ज्याची त्याची.

*

आप्पा मूळचे कांद्याचे बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. गोण्यांवर नाव छापायला साचा कापून घ्यायला म्हणून दुकानात आले आणि मी कापताना बघून म्हणाले, "द्या हिकडं, येवढं काय त्यात." त्या दिवसापासून ते कापतायत आणि अजून त्यांची एक रेघ सरळ आलेली नाही. हौस मात्र अशी की घरात फिल्म उरू देत नाहीत.

आम्ही साचे कापतो जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर. लवचिक असते, रंग पीत नाही आणि फुकट मिळते. एकदा आप्पांना घरात दुसरी फिल्म सापडेना, म्हणून त्यांनी स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे घेतला आणि त्यात झकास बैल कापला. पुढच्या महिन्यात दौंडच्या हाडांच्या डॉक्टरांनी जुना एक्स-रे मागितला. आप्पांनी पिशवीतून काढून दिला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"आप्पा, तुमच्या गुडघ्यात बैल शिरलाय."

आप्पा म्हणाले, "तरीच म्हनलं रातभर ठणकतंय कशानं."

*

सलीमचाचा आमच्यातले खरे उस्ताद. सोलापूर रोडला जेवढे ट्रक, टँकर आणि उसाच्या ट्रॉल्या दिसतील त्यातल्या निम्म्यांवर त्यांचा हात फिरलेला. मालकाचं नाव, गावाचं नाव, देवाचं नाव, पोरांची नावं. माझ्यासारख्या माणसाला त्यांच्यासमोर ब्लेड धरायची लाज वाटते, आणि हे मी कौतुकानं बोलतोय असं समजू नका, खरंच वाटते.

त्यांना एक खोड आहे. नवा साचा कापला की पहिला छापा जवळ दिसेल त्यावर मारायचा. ट्रायल घेतल्याशिवाय गिऱ्हाईकाच्या पत्र्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे त्यांच्या घरातल्या गव्हाच्या कोठीवर 'हॉर्न द्या' आहे आणि मोरीच्या दारावर 'ऑल इंडिया परमिट'.

मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा चाची स्वयंपाकघरात होत्या. मुलाचे वडील पाणी प्यायला म्हणून आत वळले आणि दारातच थांबले. दारावर लाल अक्षरांत छापलं होतं: 'ज्वालाग्राही पदार्थ. सुरक्षित अंतर ठेवा.'

पाहुण्यांनी दारातूनच हळूच विचारलं, "हे सैपाकाबद्दल हाय का मान्सांबद्दल?"

चाची आतून म्हणाल्या, "मान्सांबद्दल. या तुम्ही, आमचे हे भाईर गेल्यात." लग्न जमलं, हे वेगळं सांगायला नको.

*

पल्लवी पुण्याच्या आर्ट कॉलेजात शिकून आली. आम्ही ज्याला धंदा म्हणत होतो त्याला बाहेर स्ट्रीट आर्ट म्हणतात, हे तिनं सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं. आप्पांनी त्या दिवशी पेढे वाटले.

तिनं राहूत चुलत्यांच्या कांदा चाळीच्या भिंतीवर मोठं चित्र काढलं. कांदा निवडणाऱ्या बारा बाया, ओळीनं बसलेल्या. साचा एकच, बाराही बाया त्यातूनच काढलेल्या. चाळीवर कामाला येणाऱ्या बाया बघायला जमल्या. ही कोण, ती कोण, यावर थोडी कुजबुज झाली. मग त्यातल्या एक वयस्क मावशी पुढं झाल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या.

"चित्र चांगलं हाय बाई, पर खोटं हाय."

"का हो मावशी?"

"बारा बाया बसल्यात आन् बोलत येक बी न्हाई."

पुढच्या आठवड्यात पल्लवीनं नवे साचे कापले. आता त्या भिंतीवर तीन बाया निवडतायत आणि नऊ एकमेकींकडे तोंड करून बसल्यात. कांदा तसाच पडलाय.

*

त्या भिंतीचा फोटो फिरत फिरत पुण्याच्या एका गॅलरीत पोचला आणि एका रविवारी गॅलरीच्या मॅडम माझ्या दुकानात हजर झाल्या. त्यांना स्टेन्सिलचं प्रदर्शन करायचं होतं. पल्लवीच्या बाया त्यांना हव्या होत्या, आप्पांचा गुडघ्यातला बैल तर त्यांनी छातीशीच धरला. मग चाचांचा मोर बघितला. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर मारतात तो, पिसारा फुलवलेला.

मॅडमनी विचारलं, "हा एकच आहे ना?"

चाचा म्हणाले, "न्हाई. सोलापूर रोडला उभ्या ऱ्हा, चहा संपंस्तोवर चार जातील."

मॅडमचा चेहरा उतरला. गॅलरीत असं चालत नाही म्हणाल्या. पाचच छापे काढायचे, पाचांवर नंबर टाकायचे, मग साचा बंद.

चाचांनी गंभीरपणे विचारलं, "आन् बाकीच्या ट्रॉल्यांना काय सांगू? पिसारा मिटा म्हणू?"

मॅडम गेल्यावर मात्र चाचा कप हातात धरून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसले. कपातला चहा निवला. मग मला म्हणाले, "विलास, चाळीस वर्षं मी लोकांची नावं लिवली. माझं नाव कोणी येकदा भिंतीवर लिवलं तर बरं वाटंल. म्या न्हाई लिवायचं. दुसऱ्यानं."

चाचांना स्वतःसाठी काही मागताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी शिक्के परत मांडायला घेतले, आणि आप्पाही उगाच पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

*

चाचांनी मोर एका नव्या पत्र्यावर उतरवला, तीन रात्री वाळवला आणि ओरखडा उठू नये म्हणून वरून मोराचाच जुना साचा बांधून पुण्याला पाठवला. दोन दिवसांनी मॅडमचा फोन. आवाजात नुसता आनंद.

"चाचा, काय अप्रतिम आहे! ते थर, ते रंगांचं साचत जाणं! आम्ही त्यालाच फ्रेम केली."

चौकशी केल्यावर कळलं, त्यांनी साचाच फ्रेम केला होता. ज्याच्यावर चाचा वर्षानुवर्षं बोटं पुसत आले तो. पत्र्यावरचा मोर पॅकिंगसोबत आतल्या खोलीत ठेवला होता.

चाचांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "म्हस ठिवली आतमधी आन् दावं बांधलंय दिवाणखान्यात."

त्याच आठवड्यात उसाचा हंगाम सुरू झाला. ट्रॉलीवाले चाचांच्या दारात उभे, मोर पाहिजे म्हणून. चाचा सगळ्यांना एकच सांगत होते, "मोर पुण्याला गेलाय, प्रदर्शनाला. आला की पाठवतो." एकानं विचारलं, "मग तवर हंस मिळंल का?"

*

उद्घाटनाच्या दिवशी मी, आप्पा आणि पल्लवी माझ्या गाडीतून निघालो आणि वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. चाचा यवतहून एसटीनं आमच्या तासभर आधी पोचले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला नेहमीची पिशवी आणि पिशवीत अक्षरांचे साचे आणि स्प्रेचे डबे. ती पिशवी लग्नालासुद्धा बरोबर असते.

गॅलरीत वेगळीच धांदल होती. चित्रांशेजारी लावायची कलाकारांची नावं मशीनवर कापून येणार होती, ती आलीच नव्हती. मॅडम पाहुण्यांना आणायला गेलेल्या. मॅनेजरनं दारात चाचांना बघितलं, पिशवीतले डबे बघितले आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"पेंटर ना? बरं झालं आलात काका. ही नावं लिहायचीत, पटकन." त्यानं हातात चिठ्ठी दिली.

आम्ही पोचलो तेव्हा चाचा खुर्चीवर बसून चहा पीत होते. पल्लवीच्या चित्राशेजारी तिचं नाव, आप्पांच्या बैलाशेजारी आप्पांचं. अक्षर असं की मशीननं शिकावं. आणि चाचांच्या साच्याशेजारी, तितक्याच सुबक अक्षरांत: 'कलाकार: अज्ञात'.

पल्लवीचा आवाज चढला. "चाचा, हे कोणी लिहिलं?"

"म्या."

"अज्ञात?"

"चिठ्ठीत तेच व्हतं. गिऱ्हाइकाचं मॅटर आपण बदलत न्हाई."

तेवढ्यात मॅडम आल्या. वाचलं आणि पांढऱ्या पडल्या. मॅनेजरनं घाईघाईनं चाचांचा फॉर्म काढून दाखवला. गाव भरलेलं, वय भरलेलं, रंग कोणता तेही भरलेलं. कलाकाराच्या नावाची जागा रिकामी.

मॅडमनी विचारलं, "चाचा, नाव का नाही लिहिलंत?"

"ती जागा दुसऱ्या कुनी भरायची आसंल असं वाटलं."

"मग आता तरी लिहा. प्लीज."

चाचांनी नाही म्हणून मान हलवली आणि कप खाली ठेवला. पल्लवी तीच चिठ्ठी परत परत वाचत होती, मी खुळ्यासारखा गाडीची किल्ली हातात फिरवत होतो. पाहुणे दारात आले होते.

आप्पा पुढं झाले. कोणाला न विचारता त्यांनी चाचांच्या पिशवीत हात घातला, अक्षरं शोधून काढली आणि पांढऱ्या स्प्रेनं ते 'अज्ञात' झाकलं. तो ओला असतानाच त्यावर साचा धरला. चष्मा गाडीत राहिला होता. गुडघा दुखत होता म्हणून एका पायावर तिरके उभे राहिले आणि एकेक अक्षर मारत गेले. पाहुण्यांना वाटलं, कार्यक्रमच आहे. ते शांतपणे बघत राहिले आणि शेवटचं अक्षर झाल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

'सलीम, यवत'. 'सलीम' वर होतं आणि 'यवत' उतारावरून घसरत खाली गेलं होतं. एका अक्षराखालून रंगाचा ओघळ निघाला होता.

मॅडम चाचांच्या कानाशी म्हणाल्या, "उद्या मशीनची अक्षरं येतील. सरळ, स्वच्छ लावून घेऊ."

चाचांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत लावला. भिंतीजवळ गेले. उभ्या हयातीत त्यांनी दुसऱ्याच्या कामाला चांगलं म्हटलेलं नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत त्यांनी नीट बघून घेतलं.

"वाकडं हाय," ते म्हणाले. "पर पुसू नका."