दोन नव्हे, निदान तीन

कशेळ्याच्या बाजारात कुणी खिळे विकायला बसलेला दिसला, की सरांचा हात आपोआप कोटाच्या खिशात जायचा. खिशातून बोटाएवढं लोहचुंबक निघायचं. ते खिळ्याजवळ नेलं की खिळा टुणकन उडून त्याला चिकटायचा. मग भोवतीच्या बघ्यांकडे पाहत सर विचारायचे, "खालून अख्खी पृथ्वी ओढतेय, वरून हा एवढासा तुकडा. जिंकलं कोण?"

"तुमी जिंकलात, पन आमचा खिळा ठेवा खाली," एकदा एका लोहारणीनं सुनावलं. सरांनी खिळा ठेवला आणि तिच्या नवऱ्याला तोच प्रश्न विचारला.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आमचे हे सर कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मी चित्रकला. त्यांच्या विषयातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. कदाचित म्हणूनच आमचं जमायचं.

वर्गात ते ठासून सांगत, सृष्टीत बळं दोनच. एक गुरुत्वाकर्षण, त्यानं आंबा खाली पडतो आणि चंद्र पृथ्वीला धरून राहतो. दुसरं विजेचं आणि चुंबकाचं. दिसायला वेगळी, पण मुळात एकच. "बाकी सगळा पसारा या दोघांचा," असं म्हणून ते फळ्यावर मोठ्ठा दोनचा आकडा काढत. मुलं तो पाठ करून शाळेबाहेर पडत.

मग जपानवर अणुबाँब पडला आणि बोलके सर गप्प झाले. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईचे एक प्राध्यापक हवापालटासाठी माथेरानला निघालेत, असं त्यांच्या कानावर आलं. हे जाऊन नेरळच्या फलाटावर उभे राहिले आणि माथेरानची छोटी गाडी सुटेपर्यंत त्या गृहस्थांना प्रश्न विचारत राहिले.

तिथून ते थेट माझ्या घरी आले.

"मास्तर, मी चुकीचं शिकवलं. बळं तीन आहेत. अणूच्या गाभ्यात सारख्या विजेचे कण एकमेकांना ढकलत असतात, तरी गाभा फुटत नाही. कारण तिसरी एक ओढ त्यांना बांधून ठेवते. जबर ताकदीची, पण तिचा हात फार तोकडा." मग ते म्हणाले, "आणि त्या गाभ्याची ओळख जगाला अशी व्हावी? एवढी माणसं मारून?"

"आता इथून पुढे तीन शिकवा," मी म्हटलं.

"आणि आधी शिकून गेले त्यांचं काय?"

झालं! दर रविवारी आमच्या सायकली निघू लागल्या. जुन्या विद्यार्थ्याचं घर शोधायचं, चहा यायच्या आत सांगून टाकायचं, "आधीचं खोडून टाक. दोन नव्हे, निदान तीन." नेरळचा एक जण आता दोन मुलांचा बाप होता. तो घाबरून म्हणाला, "सर, पण आमची परीक्षा झाली की!" दुसऱ्याला वाटलं, आम्ही शाळेच्या इमारतीसाठी वर्गणी मागायला आलोय, तो मागच्या दारानं पसार झाला. जाताना सर प्रत्येकाला बजावत, "प्राध्यापक म्हणतात, चौथंही एक आहे. ते मला अजून नीट कळलेलं नाही. कळलं की परत येईन."

मला गंमत वाटायची. पण खालापूरच्या बाजूला जायचं म्हटलं, की सरांच्या सायकलचं काही ना काही बिघडायचं. शेवटी एकदा मी छेडलंच. तेव्हा त्यांनी सांगितलं. तिकडच्या काशिनाथ नावाच्या मुलानं वर्गात हाच प्रश्न विचारला होता. सारखे कण एकमेकांना ढकलतात, तर गाभ्यात एकत्र नांदतात कसे? सरांना उत्तर येत नव्हतं. त्यांनी "आगाऊपणा नको" म्हणत त्याला वर्गाबाहेर उभं केलं. पुढे त्या पोरानं शाळाच सोडली.

"माझ्यामुळे सुटली असेल तर?" सर म्हणाले. बाकी सगळी वणवण या एका घराच्या भीतीनं चालली होती.

चैत्रात गेलो एकदाचे. काशिनाथ अंगणात औताची दुरुस्ती करत होता. त्याची बायको हाताला तेल चोपडून भाजीसाठी फणस चिरत बसली होती. सरांनी उभ्या उभ्याच तिसऱ्या ओढीची हकिकत सांगितली. काशिनाथ मान खाली घालून ऐकत राहिला. बोलली ती त्याची बायको.

"म्हंजे फणसाच्या चिकावानी का वो? लांबून काय करत नाय, पन लागला की सुटत नाय."

"अगदी तसंच!" सर आनंदानं ओरडले. मग काशिनाथकडे वळून हळू म्हणाले, "तुझा प्रश्न बरोबर होता रे. उत्तर मला येत नव्हतं. शाळा त्यामुळं सोडलीस का?"

"नाय सर. बाप गेला, म्हनून शाळा सुटली." तो थांबला. "पन मला वाटलं, आपला सवालच खुळा. तवापासून मी कुनाला काय इचारलं नाय."

सर ओट्यावर बसले. आम्ही निघालो तेव्हा काशिनाथ बांधापर्यंत पोचवायला आला आणि अचानक म्हणाला, "सर, ती ओढ एवढी घट्ट हाय, तर मग बाँब फुटला कसा?"

सरांचा चेहरा मी कधी इतका उजळलेला पाहिला नव्हता. "मला माहीत नाही!" ते म्हणाले. "शोधून सांगतो. नक्की सांगतो."

त्याच पावसाळ्यात विषमज्वरानं ते गेले.

लावणीची कामं उरकल्यावर काशिनाथ शाळेत आला. अंगावर धुतलेला सदरा होता. त्याला काही कळलेलं नव्हतं. "सरांना उत्तर मिळालं का?" त्यानं मला विचारलं. मी सांगितलं, तसा तो पायरीवर बसला.

"मंग आता इचारायचं कुनाला?" तो म्हणाला.

इतक्या वर्षांनी त्याला विचारता येऊ लागलं होतं आणि ते ऐकायला सर नव्हते. मला फार वाईट वाटलं. मी त्याच्या शेजारी बसलो आणि मला रडू आवरेना.