मूकपटातलं करकरणारं दार

माझ्या मामाने जन्मात एकही चित्रपट पाहिला नव्हता, आणि हा गृहस्थ चित्रपट कंपनीत सुतार म्हणून लागला. लाकडाची वखार बंद पडली होती, पोरगी शाळेत होती. हौसेने कोण जातंय? मॅनेजर म्हणाला, "या एका चित्रपटापुरते या. काम पटलं तर कायम करू." मामी तेव्हापासून उठताबसता 'कायम'चा जप करायला लागली.

चित्रपट विनोदी, पण भुताच्या घरातला. मामाच्या वाट्याला त्या घराचं दार आलं. दिग्दर्शकाने बजावलं, "दार असं हवं, की माणसाला घाम फुटला पाहिजे." दार वाजलं की सुताराचं नाक गेलं, असं मानणारा आमचा मामा, पण पोटासाठी त्याने बिजागऱ्यांतलं तेल पुसलं, राळ भरली, आणि शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं ओरडेपर्यंत ते दार बिघडवलं. घरी आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. आम्ही तरी कुठे चित्रपट पाहिले होते?

चित्रीकरणाच्या सकाळी रंगाऱ्याने दार ढकलून पाहिलं आणि पोट धरून हसला. "अहो, हा मूकपट! तुमचं दार ऐकणार कोण? पडदा?"

मॅनेजरने कपाळाला हात लावला. "अक्कल काय घरी ठेवून आलात? आजच्यापुरतं थांबा, मग हिशेब करू."

मामा गुपचूप कोपऱ्यात जाऊन करवत-रंधा पिशवीत भरायला लागला. मला आजही त्या रंगाऱ्याचा राग येतो.

तिकडे वेगळंच रडगाणं चाललं होतं. नायकाला सगळे लंबू म्हणायचे. त्याला घाबरायचं होतं, पण भीती दाखवायला गेला की पोट दुखतंय असं वाटायचं. चित्रीकरणाला लागणारं ऊन सरकत चाललं होतं, बिजागऱ्यांना तेल घालायला वेळ नव्हता. "तसंच उघडा!" दिग्दर्शक ओरडला.

दार करकरलं. लंबूने "आई गं!" म्हणून जी उडी मारली, ती थेट टेबलावर. टोपी एकीकडे, मिशी दुसरीकडे. कॅमेरावाला हसतहसत हँडल फिरवत राहिला. हसूनहसून दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रंगारी सगळ्यांत जास्त हसला.

मामा पिशवी उचलून निघालाच होता. मॅनेजर धावत आला.

"कुठे चाललात? पुढच्या चित्रपटात जिना आहे. प्रत्येक पायरी कुरकुरली पाहिजे."

"पण साहेब, ऐकणार कोण?"

"आमचा लंबू! उद्या वेळेवर या. उद्या काय, रोजच या."

मामा त्या पिशवीवरच बसला आणि सगळ्यांदेखत लहान पोरासारखा रडला.