डिपॉझिट नक्की कोणाकडे?

बोरिवलीच्या त्या फ्लॅटमध्ये तीन मुली राहत होत्या. एक निघणार होती आणि तिच्या जागी मी जाणार होते. खोली हवेशीर, भाडं परवडणारं, सोसायटीत पाण्याची बोंब नाही. सगळं आवडलं, म्हणूनच मला संशय आला. मालाडला एका एजंटने माझ्याकडून टोकन घेऊन फोन बंद केला होता, तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते.

"चाळीस हजार डिपॉझिट. मला ऑनलाइन टाक," निघणारी म्हणाली.

"तुला का? मालकाला का नाही?"

"अगं, इथे असंच चालतं ना. मी आले तेव्हा आधीच्या मुलीला दिले. तू जाशील तेव्हा येणारी तुला देईल. मालकाला मध्ये कशाला आणायचं?"

बाकीच्या दोघींनी लगेच माना डोलावल्या. माझ्या सगळ्या शिलकीचा प्रश्न होता, आणि ह्या तिघी पाठ केल्यासारख्या एकच बोलत होत्या.

मी करारनामा मागितला. तिने फोनवर दाखवला. अकरा महिन्यांची मुदत केव्हाच संपलेली, आणि तीन नावांपैकी दोन ह्या घरात कोणाचीच नव्हती.

"तुझं नाव कुठंय?"

"माझं कधी टाकलंच नाही. रविवारपर्यंत दे यार, मला घाटकोपरच्या रूमसाठी पुढे भरायचेत."

घाई करणाऱ्या माणसावर माझा मुळीच विश्वास नाही. मालकाला भेटल्याशिवाय एक पैसा देणार नाही, असं मी तोंडावर सांगितलं. करारनाम्यावर मुलुंडचा पत्ता होता. शनिवारी तिथे जाऊन बेल वाजवली.

मालक म्हणजे कोकणातले एक निवृत्त काका. त्यांनी आतलं दार उघडलं, जाळीचं बंदच ठेवलं. माझं आधार कार्ड जाळीतून आत घेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं. मग कपाटातून मूळ कागद काढला.

"पेपरावर जिचं नाव, तिचे पैसे. बाकी मी कोणाक ओळखत नाय."

म्हणजे दोन वर्षांपूर्वी आधीच्या मुलीला पैसे देऊन निघणारी मोकळी झाली होती, पण मालकाच्या लेखी तिचं काहीच जमा नव्हतं. माझंही तेच झालं असतं. खोटं कशाला बोलू, माझा संशय खरा ठरला म्हणून मला आनंदच झाला.

काका मात्र भडकले. आपल्या घरात कोण राहतंय हे आपल्यालाच माहीत नाही म्हणजे काय! त्यांनी जुन्या मुलींना फोन लावून त्यांचे पैसे वळते झाल्याचं लिहून घेतलं, आम्हा तिघींच्या नावे नवा करार रजिस्टर केला, आधीपासून जमा असलेल्या डिपॉझिटच्या पावत्या आमच्या नावे दिल्या. भाडंही दोन हजारांनी वाढवलं. ह्या सगळ्यात बारा दिवस गेले. तेवढ्यात निघणारीची घाटकोपरची रूम दुसऱ्या कोणी घेतली, आणि ती बॅगा उचलून साकीनाक्याला मावशीकडे गेली.

माझ्या नावाची पावती हातात आल्यावर मी तिला आधी एक रुपया पाठवला आणि फोन करून विचारलं, "आला का?"

"आला. बाकीचे पण पाठव," ती म्हणाली. "मी कुठे पळून जात नाहीये."

मी पाठवले. तिने एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. 'सॉरी' म्हणायचं मनात आलं होतं, पण तोवर तिने फोन ठेवला होता.

मी राहायला गेले त्याच आठवड्यात बाकीच्या दोघींनी आपापल्या कपाटांना कुलपं लावली. न राहवून मी विचारलं, काही चोरीला गेलं का?

"नाही गं," एक म्हणाली. "पण तुला तरी आम्ही कुठे ओळखतो?"

मला फार लागलं ते. पण तिचं काही चुकत नव्हतं. संध्याकाळी नाक्यावरच्या दुकानातून मीही एक कुलूप घेऊन आले.