सोन्याचा समुद्र आणि वीस गुंठे झेंडू

दसरा सोळा दिवसांवर आलेला असताना डॉक्टरांनी माझ्या आईला दोन आठवडे पालथं झोपायला सांगितलं. आयुष्यात कधी दुपारी पाठ टेकली नाही अशा बाईला! तिच्या डोळ्याचा पडदा सरकला होता. ऑपरेशन करून आत गॅसचा फुगा सोडला होता. तो फुगा पडदा दाबून धरणार, आणि त्यानं नीट दाबावा म्हणून आईनं मान खाली घालून पडायचं. जेवायचं तेही मान खाली घालूनच. रानात तर पाऊलही टाकायचं नाही. दुसरा डोळा तिचा लहानपणापासून अधू, त्याला उजेड-अंधारापलीकडे फारसं कळत नाही. म्हणजे जे काही होतं ते या एका डोळ्यावर होतं. डॉक्टरांनी हे सगळं शांतपणे समजावलं आणि विचारलं, "काही शंका?"

"झेंडू कोण बघंल?" आई म्हणाली.

आमचं रान मखमलाबादच्या पुढे, घराला लागूनच आहे. त्यात त्या वर्षी वीस गुंठे झेंडू होता, सगळा दसऱ्यासाठी धरलेला. लागवड, पाणी, फवारणी दादा करतात (वडिलांना आम्ही दादा म्हणतो), पण कधी काय करायचं ते आई रोज एक चक्कर मारून ठरवते. दादा कामाला वाघ, बोलायला मात्र चिक्कू. रानातून आल्यावर "कसंय?" विचारलं की म्हणणार, "बरंय." एका वर्षी गारपिटीनं सगळं झोपवलं तेव्हा ते "बरं नाय" म्हणाले होते, आणि ते आम्हाला भाषण वाटलं होतं. त्यांच्या भरवशावर आई पालथी पडून राहणं शक्यच नव्हतं. म्हणून रोज सकाळी रान बघून येऊन तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मी नाशिकमध्ये एका ऑफिसात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात कथा लिहिते. त्याच महिन्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी कथा परत पाठवली होती. वर चारच शब्द होते : "वर्णन फार. पाल्हाळ आवरा." मी आठवडाभर धुसफुसत होते. लोकांना चव राहिली नाही, असं ज्याला त्याला ऐकवत होते. आता मला उठून जाऊ न शकणारा श्रोता मिळाला होता. ऑफिसचं काम घरून करायची परवानगी काढली आणि पहिल्याच सकाळी रानात गेले.

परत येऊन आईच्या उशाशी बसले, घसा साफ केला आणि सुरुवात केली. "कोवळ्या उन्हात न्हाऊन निघालेलं ते रान म्हणजे जणू सोन्याचा अथांग समुद्रच! वाऱ्याच्या हळुवार झुळकीसरशी त्या समुद्रावर लाटांमागून लाटा..."

"कळीला रंग आलाय का?" उशीतून आवाज आला.

"अं? आला असावा."

"असावा?"

मी पुन्हा रानात गेले. येऊन सांगितलं की रंग आलाय. मग आईनं विचारलं, खालची पानं कशी आहेत? पुन्हा गेले. मग तिनं विचारलं, माती पायाला चिकटते का? तिसऱ्यांदा जाताना मी पार वैतागले होते. उन्हं डोक्यावर आली होती आणि समुद्र वगैरे काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फुगून बसले होते, म्हणून एका दमात सांगून टाकलं. "कळ्यांना रंग आहे. पानं हिरवी आहेत. माती ओली आहे. ठीक आहे."

कॉट करकरली. बघते तर आईनं हातांवर भार देऊन एक पाय खाली सोडला होता.

"कुठं निघालीस?"

"रानात. तुझ्या बापाला बोलायला शिकवता शिकवता जन्म गेला. आता तू बी तसंच करती. मीच बघून येती."

मी तिचे खांदे धरले. "आई, डोळा जाईल!"

"मग मला दिसंल असं सांग ना!"

"कसं सांगू?" मी जवळजवळ रडतच विचारलं. दहा वर्षं लिहीत होते, पण हा प्रश्न मी कधी कोणाला विचारला नव्हता.

आई पुन्हा पालथी झाली. "आधी मला बांधावर उभं कर," ती म्हणाली. "कंच्या बांधावर ते सांग. वारा कुठून येतोय ते सांग. मग मला घिऊन चाल."

मी तिला विहिरीकडच्या बांधावर उभं केलं. वारा समोरून येत होता. पहिल्या सरीतली झाडं माझ्या कमरेला लागत होती, दुसरीतली जरा बुटकी होती, कारण तिथं नळी चोंदून पाणी कमी पडलं होतं. जे आठवत नव्हतं तिथं मी चाचरत होते. पण कॉट करकरायची थांबली. मी बोलत होते आणि कॉटवरून खाली लोंबणारी आईची बोटं हळूहळू हलत होती, फांद्या बाजूला करून बघितल्यासारखी.

मग मी रोज बघून येऊ लागले. आधी मी नुसती जाऊन यायची. फूल हातात घेतलं, पान उलटं केलं, माती बोटांत चुरली. पाचव्या दिवशी रस्त्याकडच्या चार सरींतली पानं जरा वेगळी वाटली. सांगावं की नाही, असा प्रश्न पडला. पुन्हा नटवून बोलते म्हणून ओरडायची! पण सांगितलं. "त्या पानांवर कोणीतरी बारीक रवा भुरभुरवल्यासारखं दिसतंय."

आईची मान ताठ झाली. "पांढरा का पिवळट?"

"पिवळट."

"पान उलटं केलं?"

केलं होतं. खाली अगदी तलम जाळं होतं आणि त्यात लाल टिंबं चालत होती.

"लाल कोळी हाय. बापाला हाक मार. आजच्या आज फवारायचं."

दादा रोज त्याच सरींच्या कडेनं सायकल नेत होते. त्यांनी फवारलं, संध्याकाळी हातपाय धुतले आणि म्हणाले, "बरंय." मग थोड्या वेळानं, "पोरीनं बघितलं म्हणून." मी ते दोन-तीन दिवस मिरवत होते.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. रवा मला त्या पानावरच दिसला होता. समुद्र मात्र मी घरूनच नेला होता.

गंमत म्हणजे नंतर माझं सांगणं आखूड होईना, लांबतच गेलं. आईला आता झेंडूपुरतं पुरेना. पाटावर कोण धुणं धूत होतं, शेजारणीची म्हैस अजून लंगडते का, विहिरीवरच्या सुगरणीच्या खोप्यांचं काय झालं, सगळं हवं असायचं. एकदा ऑफिसचा फोन आला म्हणून मी पंधरा मिनिटांत आटपलं, तर ती रुसली. "आज लय लवकर संपलं." दादा लसूण सोलायचं निमित्त करून दाराशी बसायला लागले. त्या पंधरवड्यात आमच्या घरात इतका लसूण सोलला गेला की चटणी करून करून मी थकले.

तेराव्या दिवशी मात्र बाका प्रसंग आला. दसरा तीन दिवसांवर होता आणि आभाळ भरून आलं. आजूबाजूच्या सगळ्यांनी खुडायला घेतलं. फुलं भिजली तर कॅरेटमध्ये काळी पडणार, आणि कच्ची खुडली तर मिटलेलीच राहणार. दादा दाराशी येऊन म्हणाले, "काय करायचं?" मी सांगायला सुरुवात केली, तर आई उठून बसली. दोन्ही पाय जमिनीवर.

"एकच चक्कर मारती. एक दिवस तर राहिलाय."

मी तिच्या पुढ्यात खाली बसले आणि घाईघाईनं बोलत तिला घेऊन निघाले. बांध, पहिली सरी, दुसरी सरी. मधल्या सरींशी आल्यावर तिनं विचारलं, "फुलाच्या मधला डोळा भरलाय का हिरवा हाय?"

मी पाहिला नव्हता. अशी भोकं छान छान शब्दांनी बुजवण्यात मी दहा वर्षं तयार झाले होते. शब्द तोंडापर्यंत आलेही. पण समोर तिच्या डोळ्यावरची पट्टी होती.

"ते मी पाहिलं नाही," मी म्हणाले.

आता ही उठणार, अशीच माझी खात्री होती. पण आईनं पाय वर घेतले आणि तोंड उशीत घातलं.

"मग बघून ये. मी इथंच हाय."

मी चपला न घालता पळाले. मधल्या सरींत फुलाच्या मध्यावर अजून डाळीएवढा हिरवा ठिपका होता. रस्त्याकडची फुलं पूर्ण भरली होती. ढग उंच होते, पांढुरके, आणि खाली वारा सुटला होता. धापा टाकत हे सगळं सांगितलं.

"रस्त्याकडचं आज खुडा," आई म्हणाली. "मधलं परवा सकाळी. हा पाऊस नाय पडत."

चार थेंब पडले आणि आभाळ उघडलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पडदा बसलाय. मी दवाखान्याच्या जिन्यात मनसोक्त रडून घेतलं. आईला वरच्या बाजूनं दिसत होतं, खाली तो फुगा पाण्यासारखा हलताना दिसत होता, पण तेही जाणार होतं. हिंडायची परवानगी मिळाली. मधल्या सरींच्या खुडणीला ती काळा चष्मा लावून विहिरीकडच्या बांधावर उभी होती आणि सगळ्यांना कामाला लावत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले, कौतुकाची वाट बघत. तिनं रान या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"एवढंच हाय व्हय? तू सांगायची तवा लय मोठं वाटायचं."

ही शाबासकी होती की तक्रार, मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी भरलेली कॅरेट पंचवटीच्या फूलबाजारात रवाना झाली. मी ती परत आलेली कथा काढली आणि घरून नेलेलं काय काय आहे ते शोधत बसले. बरंच निघालं. एका स्वयंपाकघराचं दोन पानी वर्णन मात्र तसंच ठेवलं, कारण ते मी पाहिलं होतं. तेवढ्यात आईनं हाक मारली. जाऊन बघते तर ती पुन्हा पालथी पडलेली. आता त्याची काही गरज नव्हती.

"हं. सांग."

"काय सांगू? दिवसभर तूच तर होतीस रानात."

"मी माझं बघितलं. तुझं कुठं ऐकलं?"

दादांनी लसणाचं सूप उचललं आणि दाराशी येऊन बसले. मी तिच्या उशाशी टेकले आणि आधी तिला बांधावर उभं केलं.