उजव्या पायाचा कौल

जगातल्या नाचणाऱ्या माणसांवर आमच्या आचरा गावातून ज्याने सर्वांत जास्त उपकार केले, तो माझा साडू स्वतः आजवर एकदाही नाचलेला नाही. शिमग्यात नाही, गणपतीच्या मिरवणुकीत नाही, आणि स्वतःच्या वरातीत तर नाहीच नाही. माझी मेहुणी नटूनथटून गाडीत बसली होती आणि नवरदेव खाली बसून, बाशिंग मागे सारून, कर्ण्याची वायर दातांनी सोलत होते. लोकांच्या लेखी तो लाउडस्पीकर भाड्याने देणारा माणूस. पण नाचाच्या संगीताची एक स्वतंत्र रेकॉर्ड कंपनी तो गेली कित्येक वर्षं चालवतो, हे आचऱ्यात फार थोड्यांना आणि परदेशात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कंपनीचं मुख्यालय त्याच्या घराच्या पडवीत आहे. शाखा नाहीत. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, म्हणून कंपनीचा परराष्ट्रमंत्री मी.

कंपनी जन्माला आली ती वीज गेल्यामुळे. एका गणपतीत याचे दोन कर्णे सिनेमाची गाणी ओकत होते आणि घरापुढच्या खळ्यात बायकांची फुगडी चालली होती. वीज गेली. गाणं बंद पडलं, फुगडी मात्र थांबली नाही. बांगड्या, सारवलेल्या जमिनीवर आपटणारे तळवे, तोंडाने 'पक् पक्' मारलेले पकवे, धापा. साडू पायरीवर मटकन बसला आणि मला म्हणाला, "मास्तरानू, मी इतकी वर्सां ह्येच्यार झाकण घालीत होतंय!" पुढच्या आठवड्यात त्याने त्याच बायकांना बोलावून फुगडी टेप केली, तिच्याखाली यंत्रातला एक ढोल घातला आणि कॅसेट काढली. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, त्या गेल्या, पेनड्राइव्ह आले, आणि आता परदेशातल्या शौकिनांना पुन्हा काळी तबकडी हवी आहे. जग पुढे पुढे गेलं, माझा साडू पडवीतच बसून राहिला, आणि शेवटी जगच वळसा घालून त्याच्याकडे परत आलं. त्याच्या रेकॉर्डवर कलाकारांची नावं प्रामाणिकपणे छापलेली असतात. तिसऱ्या रेकॉर्डवर शेवटचं नाव आहे, 'कुत्रो: शेजारचो'. ते कुत्रं मध्येच भुंकलं होतं, पण बरोबर समेवर भुंकलं, म्हणून त्याला मानाने ठेवून घेतलं.

मात्र इतक्या वर्षांत कंपनीने रेकॉर्ड काढल्या एकूण अकरा. याला कारण आक्का. आक्का म्हणजे साडूची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, ती माहेरी आली आणि आईवेगळ्या या भावाला तिनेच वाढवलं. पहिलं गाणं त्याने पडवीत वाजवलं तेव्हा ती कोकमासाठी रतांबे फोडत बसली होती. "बंद कर मेल्या ता! कान फुटतले माझे," ती ओरडली. साडूने खाली पाहिलं, तर लुगड्याच्या काठाखाली आक्काचा उजवा पाय ठेका धरून होता. आता आमच्याकडे कुठलंही मोठं काम काढायचं तर आधी देवाला कौल लावतात. मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांपैकी उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार, पुढे चर्चा नाही. साडूने तिथेच ठरवलं की हा कौल आहे. "तोंड खोटा बोलता, मास्तरानू. पाय खोटा कधी बोलाचो नाय." कंपनीला नाव मिळालं, 'उजवो पाय'. दुसऱ्या गाण्याला आक्काचा डावा पाय हलला आणि तीन महिन्यांची मेहनत याने हूं की चूं न करता पत्र्याच्या पेटीत टाकली. त्या पेटीत अशी निदान तीसेक गाणी असतील. कंपनीचा शिक्काही आक्काच्याच उजव्या पावलाचा आहे. शाई लावून कागदावर पाय उमटवून घेताना तिने विचारलं होतं, "पेन्शनीक आता पाय पण लागता काय रे?"

माणसांकडे पाहायचं ते कमरेखाली, ही साडूची सवय. चेहरे त्याच्या लक्षात राहत नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांना तो तीनदा नव्याने भेटला, पण त्यांनी वहाणा काढल्याबरोबर म्हणाला, "ह्यो पाय तारकर्लीच्या रेतयेतलो!" आणि व्याही खरोखरच तारकर्लीचे निघाले. एकदा हळदीच्या दुपारी आवाज कमी करा म्हणून हवालदार आले. साडूने त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांच्या बुटांकडे पाहत त्याने गाणं तेवढं बदललं. मिनिटभराने नम्रपणे म्हणाला, "सायबानू, तुमचो बूट होय म्हणता." हवालदारांनी आपल्या बुटाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि "दहाच मिनिटं" असं सांगून ते केळीच्या पानावर लाडू खायला बसले.

मागच्या वर्षी जर्मनीहून एक उंच दाढीवाला माणूस कंपनी बघायला आला. पिशवीत साडूच्या सहा रेकॉर्ड, जिवापाड जपलेल्या. इतकी अचूक निवड कोण करतं, असं त्याने मला विचारलं. मी सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडणाऱ्या आक्काकडे बोट दाखवलं. तो गडी पुढे झाला आणि त्याने आक्काच्या उजव्या पायावर डोकं ठेवलं. आक्का मला म्हणाली, "पायताण भायर काड म्हणान सांग त्येका आदी. आणि जेवन जा म्हणा." जाताना सोलकढीचे तीन पेले रिचवून त्याने बारावी रेकॉर्ड मागितली, आणि साडूने शब्द दिला.

ती बारावी रेकॉर्ड म्हणजे साडूचा जीव की प्राण. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्यांचा 'हो' आणि बायकांची फुगडी, दोन्ही एका तालात. मला संगीतातलं शष्प कळत नाही, पण ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. गाणं पुरं झालं त्याच आठवड्यात आक्का विहिरीवर घसरून पडली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. सावंतवाडीला ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. डॉक्टरांनी पाय हलवायला, चालायला सांगितलं. आक्का म्हणाली, "आता माका खंय जावचा आसा?" आणि तिने खाट धरली.

दोन महिन्यांनी साडूने खाटेजवळ स्पीकर मांडला. आक्का पाय खाली सोडून बसली होती. गाणं सुरू झालं आणि तिचा पाय हलला. डावा. साडूने गाणं बंद केलं. चेहरा असा, की मला बघवेना. गाणं पेटीत गेलं. "संपला, मास्तरानू. देवान डावो दिल्यान. कंपनी बंद." मी म्हटलं, अरे, तिचा उजवा पाय हलतच नाही, ती बिचारी हलवणार कुठला? तर म्हणतो, "नियम तो नियम." माझा साडू थोर असला तरी गाढव आहे, हे मी त्याला त्या दिवशी तोंडावर सांगितलं. मग कर्णे धूळ खात पडले, हा जेवेना, आणि मी जाऊन सगळा प्रकार आक्काच्या कानावर घातला. तिने अंगावरचं पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाली, "पोरगो लहानपणापासून असोच. माका उठव. तो वॉकर खंय आसा?"

जी बाई डॉक्टरांना बधली नव्हती, ती दुसऱ्या दिवसापासून दात-ओठ खात पडवीच्या येरझाऱ्या घालू लागली. उजवा पाय एकेक बोट पुढे सरके आणि तिच्या डोळ्यांत पाणी येई. महिन्याभराने तिने फर्मान काढलं, "लाव ता तुझा गाणा." साडूने पेटी उघडली. गाणं लागलं, आणि आक्काचा उजवा पाय हलला. वर, खाली, वर, खाली. पण रापणीचा 'हो' एकीकडे आणि आक्काचा पाय भलतीकडे. माझ्यासारख्या औरंगजेबालाही ते कळलं, मग कुत्र्याची सम ओळखणाऱ्या साडूला कळलं नसेल? डावा पाय तिने खाटेच्या खुराशी दाबून धरला होता, तरी त्याचा अंगठा अचूक तालात हलत होता. आयुष्यात पहिल्यांदाच आक्काचा पाय खोटं बोलत होता, आणि तिच्या कपाळावर घाम आला होता.

साडू त्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उजवो दिलंस गो, आक्का."

बारावी रेकॉर्ड छापून आली तेव्हा मी तिथेच होतो. आक्काने चष्मा लावून कव्हर न्याहाळलं. "रे, शिक्क्यात ह्यो माझो डावो पाय मा?"

"छापणाऱ्यान उलटो छापल्यान, आक्का," साडू तिच्याकडे न बघता म्हणाला.

"आंधळो मेलो," आक्का म्हणाली, आणि रेकॉर्ड मांडीवर घेऊन बराच वेळ त्या पावलावरून हात फिरवत राहिली.